बारावा पत्ता

वर्षाचे नऊ हजार चारशे.
त्यात वीस पत्ते तपासून मिळणार,
बंद पारदर्शक डबीत, वर आकडा : दहापैकी किती.
सभासद न होता सुटा पाठवला तर साडेआठशे.
म्हणजे बारावा पत्ता टाकला की फायदा सुरू.
हा हिशोब मी काट्याच्या पावतीमागं केला
आन पावती खिशात विसरलो.
गंगासागरनं कपडे भिजवताना काढली.
"बारावा कोण?" म्हणाली.
तिला वाटलं, कुणाला तरी जेवायला बोलावलंय.

मी लातुरात तूर बघतो.
एकोणीस वर्षं, एकाच डाळ मिलमध्ये.
पोत्यात बंबी खुपसायची, मूठभर तळहातावर,
एक फुंकर.
डागी किती, किडकी किती, ओल किती.
मी आकडा बोललो की शिवहारशेठ मान हलवतात
आन हमाल पाठ वाकवतात.
आता कुठल्या तरी परदेशी टेबलावर
पांढरे हातमोजे घातलेला माणूस
माझे पत्ते बघणार, आन त्याची वर्षाची फी.
मला राग यायला पाहिजे होता.
खरं सांगतो, हेवा वाटला.
हातमोजे!

रविवारी मिल बंद.
नमुन्याचा पांढरा ट्रे घेतला, भिंग घेतलं,
बिस्किटाचा डबा उपडा केला.
दोनशे बारा क्रिकेटवाले.
च्युइंगमच्या पुड्यातून निघालेले, जिंकलेले,
एक-दोन ढापलेलेपण.
शाळेमागच्या पायरीवर खेळायचो :
सामने किती? धावा किती? विकेट किती?
मोठा आकडा त्याचा पत्ता.
तुरीसारखेच निवडले मी.
कोपरा दुमडला, बाजूला.
छपाई सरकली, बाजूला.
चहाचा डाग, तेलाचं बोट, पाठीवर कुणाचं तरी पाढे लिहिणं,
बाजूला, बाजूला.
दुपारी दीडला ट्रेत उरले सात.

सात.
साती साडेआठशे, पाच हजार नऊशे पन्नास.
सभासद झालो तर साडेतीन हजार जास्तीचे,
तेरा जागा रिकाम्या,
आन रिकाम्या जागा भरायला माणूस काय काय विकत घेतो
ते मी गंजगोलाईत रोज बघतो.
तर नको. ठरलं.
भिंग पुसून ठेवलं.

मंग त्या बाजूच्या ढिगात
तो डावखुरा दिसला.
विकेट : १७१.
खऱ्या एकाहत्तर. पुढचा एक बॉलपेननं,
छापलेल्या शाईपेक्षा जरा निळा.
मुजीबनं केला होता, सहावीत,
त्या एकावर त्यानं माझे नऊ पत्ते नेले
आन दिवाळीच्या सुट्टीत मी हा परत जिंकला.
हातमोजेवाला याला आकडाच देणार नाही.
'फेरफार' लिहून परत धाडेल.
फी मात्र ठेवून घेईल.

मुजीबला फोन लावला. त्याचं उदगीरला टायरचं दुकान.
मागं कम्प्रेसर चालू, ओरडून बोललो :
"तुझा एक अजून माझ्याकडं हाय रे!"
तो हसला. मंग हसायचा थांबला.
"माझा कामून? तू केलता तो.
मला निळा पेन कधी होता का?
माझ्या हातात पेन्सिल, पाचवीपासून सातवीपर्यंत."
कम्प्रेसर बंद झाला.
"पण नऊ पत्ते मी हरलतो, ते खरंय," म्हणाला,
"देणार का परत?"

मी पावती सरळ केली, धुतलेली, वाळलेली.
शाई फिकी, पण वाचता येते.
साडेआठशे, गुणिले, बारा.
एकाचं डोकं जरा उजवीकडं झुकलंय.
पत्त्यावरच्याचंपण.

भिंग परत काढलं.
गंगासागरनं विचारलं, निवडून झालं का,
ट्रे पाहिजे, तांदूळ घ्यायचेत.
मोबाईलवर सूचना आलेली :
सभासदत्वाची सवलत आज रात्री बारापर्यंत.
मी म्हणलो, घे ट्रे.
सात पत्ते एका हातात, एक दुसऱ्या हातात,
आन कुठला हात जड हाय
ते मला, तूर बघणाऱ्याला,
सांगता येईना.